'सकाळपर्यंत बघू' हे औषध नाही

रात्री साडेअकराला फोन आला. पलीकडच्या गृहस्थांनी आधी माफी मागितली. "मॅडम, एवढ्या उशिरा त्रास देतोय. आमच्या बोक्याला दोन दिवसांपासून शी होत नाहीये. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो आणि तसाच उठतो. थोडं एरंडेल दिलं, लाल भोपळा उकडून दिला. सकाळी घेऊन आलो तर चालेल ना?"

मी विचारलं, "लघवी करतोय का?"

"लघवीकडे... खरं सांगायचं तर लक्ष नाही दिलं."

मी त्यांना आहे तसं निघायला सांगितलं. सव्वाबाराला ते बास्केटमधून बोका घेऊन आले. अंग गार पडलेलं, हृदयाचे ठोके फारच मंद. पोटाला हात लावला तर मूत्राशय मोसंब्याएवढं आणि चेंडूसारखं टणक. त्याला बद्धकोष्ठता नव्हतीच. लघवीचा मार्ग बंद झाला होता आणि तो दोन दिवस लघवीसाठी कुंथत होता. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, नळी घालायला घेतली. नळी आत जायच्या आधीच हृदय थांबलं. चार वर्षांचा बोका. पहिल्या दिवशी आणला असता तर बहुधा बरा होऊन घरी गेला असता.

ते गृहस्थ निष्काळजी नव्हते. निष्काळजी माणूस बोक्यासाठी भोपळा उकडत बसत नाही. म्हणून माझा राग त्यांच्यावर नाही. माझा राग आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या एका वाक्यावर आहे: 'सकाळपर्यंत बघू.' आजचा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे.

थांबणं म्हणजे काहीच न करणं नव्हे

आपल्याला वाटतं, थांबलो म्हणजे आपण अजून काही ठरवलेलं नाही. पण आजार आपल्यासाठी थांबत नाही. लघवी तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात पोटॅशियम तासातासाला वाढतं आणि शेवटी ते हृदय बंद पाडतं. पीळ पडलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते आतल्या आत काळं पडू लागतं. उष्माघातात शरीर आतून अक्षरशः शिजतं. या आजारांत रात्री अकरा ते सकाळी नऊ हे दहा तास म्हणजेच उपचाराची संधी असते. तुम्ही थांबता तेव्हा ती संधी वापरायची नाही, हे तुम्ही ठरवून टाकलेलं असतं.

घरातल्या आजोबांच्या छातीत दुखलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला, तर 'सकाळपर्यंत बघू' असं कोणी म्हणत नाही. लक्षण ओळखायला तिथे कोणी डॉक्टर नसतो, पण छातीतलं दुखणं थांबवून ठेवायचं नसतं हे आपल्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, टीव्हीवरून, अनुभवातून कळलेलं असतं. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हे शहाणपण अजून आपल्या घराघरांत पोचलेलं नाही. कुत्रं अंगणातून सोफ्यावर आलं, मांजर माळ्यावरून पांघरुणात आलं, पण त्यांच्या आजारपणाकडे बघण्याची आपली नजर अंगणातच राहिली.

चार समजुती ज्या जीव घेतात

'मुकं जनावर आहे, आपोआप बरं होतं.' काही दुखणी आपोआप बरी होतात, माणसाचीही होतात. पण प्राणी दुखणं लपवतात हे विसरू नका. जंगलात अशक्त दिसणारा प्राणी आधी मारला जातो, त्यामुळे शक्य होईल तोवर ठीक असल्यासारखं वागणं त्यांच्या रक्तातच आहे. मांजर यात सगळ्यात पटाईत. ते कपाटामागे जाऊन गप्प बसलं की आपण म्हणतो, 'आज शांत आहे.' मांजराचं आजारपण तुम्हाला दिसू लागतं तेव्हा ते बहुतेकदा बरंच पुढे गेलेलं असतं.

'नाक ओलं आणि गार आहे, म्हणजे ताप नाही.' या समजुतीला काहीही आधार नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाक कोरडं आणि गरम असू शकतं आणि आजारी कुत्र्याचं ओलं. ताप थर्मामीटरने बघतात, गुदद्वारातून. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त.

'शेपटी हलवतोय की.' गाडीखाली आलेला, पोटात रक्तस्राव होत असलेला कुत्रा मालकाला पाहून शेपटी हलवतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे. शेपटी म्हणजे त्याचं तुमच्यावरचं प्रेम आहे. तो तब्येतीचा अहवाल नाही.

'गवत खाऊन उलटी केली की पोट साफ होतं.' निरोगी कुत्रीही गवत खातात. कुत्र्याने गवत खाल्लं यावरून तो आजारी आहे हेही कळत नाही आणि तो बरा होईल हेही कळत नाही.

या खुणा दिसल्या तर घड्याळ बघू नका

मोठी यादी कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून थोडक्याच खुणा सांगते. पण या पाठ करा.

श्वास. मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर ती आणीबाणी आहे. कुत्रा पळून आल्यावर धापा टाकतो ते ठीक, पण मांजराचं तसं नसतं. कुत्रा असो की मांजर, गाढ झोपेत असताना छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजा. निरोगी प्राण्यात हा आकडा साधारण तीसच्या आत असतो. शांत बसलेला असताना तो चाळिशीच्या वर राहत असेल, मान लांब करून, कोपरं बाहेर काढून श्वास घेत असेल, आडवं व्हायलाच तयार नसेल, तर निघा.

हिरड्या. ओठ वर करा आणि बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. अंगठ्याने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर, तपकिरी किंवा विटेसारख्या लालभडक दिसत असतील, किंवा रंग परत यायला वेळ लागत असेल, तर रक्ताभिसरण कोलमडतंय. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. ही तपासणी फुकट आहे, दहा सेकंदांची आहे आणि फोनवर तुम्ही डॉक्टरांना देऊ शकाल अशी सगळ्यात उपयोगी माहिती हीच आहे.

लघवी. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, सारखा लिंग चाटतो आणि बाहेर एखादा थेंब येतो किंवा काहीच येत नाही. अशा वेळी शीचा विचार बाजूला ठेवा. मांजरीपेक्षा बोक्याची मूत्रनळी अरुंद असते आणि चिकट स्राव व खड्यांच्या चुऱ्याने ती बंद होते. पूर्ण बंद झाली तर दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीही, जीव जातो. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी या लेखातलं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण एवढं ठेवा.

पोट. मोठ्या अंगाचा, खोल छातीचा कुत्रा, उदाहरणार्थ ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन. जेवणानंतर काही वेळाने अस्वस्थ होतो, येरझाऱ्या घालतो, लाळ गळते, उलटीची उबळ येते पण फेसापलीकडे काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणतं. जठरात हवा भरून त्याला पीळ पडल्याची ही खूण आहे. इथे हातात फक्त काही तास असतात आणि ऑपरेशनला पर्याय नसतो.

झटके. एक झटका दोन मिनिटांत थांबला आणि कुत्रा हळूहळू भानावर आला, तर वेळ लिहून ठेवा, जमलं तर मोबाईलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना फोन करा. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर थेट दवाखाना. झटका चालू असताना तोंडात हात किंवा चमचा घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवायचं तर नावच काढू नका. त्याने झटका थांबत नाही, आणि तोच कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

ऊन. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना तर आहेच, पण पुण्या-मुंबईत बंद गाडीत दहा मिनिटं ठेवलेला पगही उष्माघाताने दगावू शकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच शरीर थंड करतो. पग, बुलडॉग, शिह-त्झू या चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही. जोरजोरात धापा, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, १०४ च्या वर ताप, अशा वेळी आधी थंड करा, मग निघा. सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगावर सोडा, पंखा लावा. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. ताप १०३ वर आला की पाणी थांबवा. आणि कुत्रा सावरल्यासारखा वाटला तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचा घाव नंतर दिसतो.

विष. इथे सगळ्यात घातक वाक्य असतं, 'खाल्लं, पण ठणठणीत आहे.' उंदीर मारण्याच्या वड्यांपैकी एक प्रकार रक्त गोठणं बंद पाडतो. त्याची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात. तोवर कुत्रा नाचत असतो आणि उपचाराचा सगळ्यात सोपा काळ निघून जातो. दुसरा प्रकार म्हणजे करडी-काळी झिंक फॉस्फाईडची भुकटी. ती पोटात विषारी वायू तयार करते, म्हणून नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. काहीही खाल्लं असेल तरी त्याचं पाकीट सोबत आणा. पाकिटावरचं नाव माझ्यासाठी तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा मोलाचं असतं.

साप. पावसाळ्यात, बागेत, गोठ्याजवळ कुत्र्याने साप हुंगला आणि थोबाड सुजलं, किंवा मागचे पाय अचानक लुळे पडले, तर साप शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालणारी लस आपल्याकडे एकच आहे. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही, वेळ गेला की मात्र अडतो. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

मादी. नसबंदी न झालेली, वयाने जरा मोठी कुत्री, माजावर येऊन महिना-दोन महिने झालेले, पाणी खूप पिते, खात नाही, मलूल आहे. गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता मोठी असते. खालून पू येत असेलच असं नाही. न येणारा प्रकार जास्त धोक्याचा. विताना अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, तर थांबू नका. आणि पिल्लांना पाजणारी लहान जातीची कुत्री ताठरून थरथरू लागली तर ती थंडीने थरथरत नाहीये. तिचं कॅल्शियम कोसळलं आहे. वेळेत आणली तर सलाईनमधून दिलेल्या कॅल्शियमने ती डोळ्यांदेखत सुधारते. उशीर झाला तर झटक्यांत जाते.

पिल्लं. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, घाण वासाची, रक्ताची पातळ शी होतेय. हा पार्व्हो असू शकतो. पिल्लाच्या अंगात साठा असतो तरी किती? एका रात्रीत ते पाण्याअभावी कोमेजतं. 'दात येतायत म्हणून' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

गाडीचा धक्का, उंचावरून पडणं, मोठ्या कुत्र्याने मानेला धरून झिंजाडणं, न थांबणारं रक्त आणि बाहेर आलेलं बुबुळ, यांबद्दल वेगळं सांगायला नको. एवढंच ध्यानात ठेवा की अपघातानंतर उठून चालू लागलेला कुत्राही तपासून घ्यायचा असतो.

सशाने बारा तास काही खाल्लं नाही तर तीही आणीबाणीच असते. आणि पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसलेला पोपट झोपाळू झालेला नसतो, तो खूप आजारी असतो.

हात घालण्याआधी एक सूचना

कुत्र्याची लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये, आवाज बदललाय किंवा स्वभाव एकाएकी बदललाय, तर 'हाड अडकलं असेल' म्हणून घशात हात घालू नका. हा रेबीज असू शकतो. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून जवळजवळ कोणीच वाचत नाही, प्राणीही नाही आणि माणूसही नाही. लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःसाठी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. पाळीव कुत्रा आहे, लस दिली होती बहुतेक, अशा 'बहुतेक'वर आपला जीव लावू नका.

मदत करताना केलेला घात

थांबण्यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे: थांबताना 'काहीतरी' देणं. घरात औषधांचा डबा असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप असतो, कोपऱ्यावर मेडिकल असतं आणि मन बेचैन असतं.

माणसाला बिनधास्त दिली जाणारी पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवून निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्त प्राणवायू वाहायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण करतात आणि मूत्रपिंडं बंद पाडतात. लंगडणाऱ्या कुत्र्याला 'आपलीच दुखायची गोळी अर्धी' देणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. अर्धी करून औषध प्राण्यांचं होत नाही. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजरीला लावणं हाही असाच प्रकार. त्यातल्या परमेथ्रिनने मांजर थरथरत, झटके देत दवाखान्यात येतं.

विष उतरवायला दूध किंवा तूप पाजू नका. दुधाने विष मरत नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठाचीच विषबाधा होते. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या तोंडात पाणीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. ती पहिल्या एक-दोन तासांतच उपयोगी असते, आणि रॉकेल किंवा अ‍ॅसिड पोटात गेलं असेल तर करवायचीच नसते.

घरातले आणखी काही शत्रू ओळखून ठेवा: चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण घातलेला रस्सा, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम, आणि मांजरांसाठी बुकेतली लिली. लिलीचे पराग अंगावर पडून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मग प्रत्येक शिंकेला धावत यायचं का?

नाही. मला रात्रभर जागं ठेवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. मोठ्या कुत्र्याला एखादी उलटी झाली आणि तो नंतर पाणी पचवतोय, खेळतोय, तर सकाळ चालेल. एक वेळचं जेवण सोडलं, चालेल. थोडी पातळ शी, रक्त नाही, हुशारी आहे, चालेल. पाय टेकवून लंगडतोय, चालेल. खाज, कानाचा वास, लहानसं खरचटणं, चालेल. मांजर मात्र दोन दिवसांवर उपाशी राहू देऊ नका, त्याच्या यकृतात चरबी साठू लागते.

कोणती गोष्ट थांबू शकते हे ज्याला कळतं, त्यालाच कोणती थांबू शकत नाही हे कळतं. आणि शंका असेल तर फोन करा. विचारल्याबद्दल माफी मागायची गरज नाही.

आता आमच्याबद्दल

इथवर सगळं तुम्हाला सुनावलं. आता माझ्या बाजूचं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका लग्नात होते. रात्री दहाच्या सुमारास फोन आला. जर्मन शेफर्ड, जेवणानंतर अस्वस्थ, उलटीची उबळ येतेय पण उलटी होत नाही. बँड वाजत होता. मी म्हणाले, "अ‍ॅसिडिटी असेल, औषध द्या, सकाळी घेऊन या." पोट फुगलंय का, हा एक प्रश्न मी विचारला नाही. सकाळी सहाला पुन्हा फोन आला. त्या बाईंनी मला दोष दिला नाही. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसं औषध दिलं होतं," एवढंच म्हणाल्या. ते वाक्य अजून कानात आहे. 'सकाळी बघू' हे त्या रात्री मालकाने म्हटलं नव्हतं, डॉक्टरने म्हटलं होतं.

आमच्या पेशाची इथे मोठी उणीव आहे. मुंबई-पुण्यात रात्रभर चालणारे दवाखाने आहेत. परळचं 'बैलघोडा' म्हणून ओळखलं जाणारं रुग्णालय शंभर वर्षांहून जुनं आहे. पण त्या नावातच सगळं आलं. आपल्याकडची पशुवैद्यकीय व्यवस्था बैल-घोड्यांसाठी, गाई-म्हशींसाठी उभी राहिली. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आणि त्यावर येणारं फिरतं पथकही मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे, आणि तेही गरजेचंच आहे. मधल्या काळात तालुक्या-तालुक्यांत घराघरांत कुत्री-मांजरं आली, पण रात्रीची सोय आली नाही. एका गावातल्या चार-पाच डॉक्टरांनी आळीपाळीने रात्रपाळी वाटून घेतली तर कितीतरी जीव वाचतील. ते आम्ही बहुतेक ठिकाणी केलेलं नाही. 'फोन बंद' हे उत्तर देणाऱ्या डॉक्टरला मालकाच्या 'सकाळपर्यंत बघू'वर रागावण्याचा अर्धाच हक्क उरतो.

आणि पैसा. अनेकदा 'सकाळपर्यंत बघू' या वाक्यामागे 'रात्रीचे किती घेतील?' हा प्रश्न असतो. तो विचारायला लोक लाजतात. लाजू नका. फोनवरच विचारा, आणि किती जमेल तेही सांगा. त्यातून मार्ग निघतो. पण हिशेब पूर्ण करा. तुंबलेला बोका पहिल्या दिवशी आणला तर नळी आणि थोडे दिवस सलाईन. तिसऱ्या दिवशी आणला तर त्याच्या कितीतरी पट खर्च आणि जगण्याची खात्री नाही. पार्व्होच्या लसीचा खर्च पार्व्होच्या उपचारापुढे काहीच नाही. वाट बघण्याने खर्च वाचत नाही.

आणि समजा खरंच परवडत नसेल किंवा उपचाराची वेळ गेली असेल, तरी आणा. वेदना थांबवणं आणि शेवटी शांत मरण देणं हाही उपचार आहे. रात्रभर कोपऱ्यात विव्हळत मरण्याची शिक्षा कोणत्याच प्राण्याला व्हायला नको.

आज संध्याकाळी करायच्या पाच गोष्टी

१. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "रात्री काही झालं तर तुम्ही याल का? नसाल तर कोण?" उत्तर नसेल तर जवळचं रात्रीचं ठिकाण शोधा, मग ते पन्नास किलोमीटरवर का असेना. नंबर मोबाईलमध्ये आणि फ्रिजवर, दोन्हीकडे लिहा.

२. प्राणी निरोगी असताना त्याच्या हिरड्या बघा, झोपेतला श्वास मोजा, वजन करून ठेवा. नेहमीचं काय हे माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखता येत नाही.

३. बास्केट किंवा पिंजरा माळ्यावरून खाली काढा. मांजराला त्याची सवय लावा. आजारी मांजर रात्री एक वाजता उशीच्या खोळीत भरणं मी पाहिलं आहे, ते कोणाच्याच हिताचं नसतं.

४. गाडी नसेल तर रात्री प्राण्याला नेणारा रिक्षावाला कोण, हे आधीच बोलून ठेवा. बरेच जण ऐनवेळी नकार देतात.

५. घरातल्या सगळ्यांना, सांभाळायला येणाऱ्या मावशींना आणि आजी-आजोबांनाही, वरच्या खुणा सांगा. आणीबाणी येते तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही.

त्या बोक्याच्या मालकांनी पुढे वर्षभराने दुसरं मांजर आणलं. परवा रात्री दहाला त्यांचा फोन आला. यावेळी माफी नव्हती आणि प्रश्नही नव्हता. "मॅडम, दुपारपासून तीन वेळा ट्रेमध्ये गेलाय, लघवी नाही. निघालोय. वीस मिनिटांत पोचतो."

नळी घातली. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला.